दुसऱ्याच्या वडिलांची गोष्ट

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी पंधरा-वीस तरुण मंडळी जमायची. बहुतेक सगळी नोकरीसाठी घर सोडून आलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी. शाळेत गणित शिकवणाऱ्या एका सरांनी हा प्रकार सुरू केला होता. दर वेळी एकाने आपल्या आयुष्यातली खरी गोष्ट सांगायची. त्या गोष्टीत देव कुठेतरी असला पाहिजे, किंवा असायला हवा होता आणि दिसला नाही, असं तरी काही असलं पाहिजे. बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. प्रश्न नाहीत, उपदेश नाही. "उपदेशाला फादर आहेत," सर म्हणायचे, आणि मागच्या खुर्चीत चहात बिस्किट बुडवत बसलेले फादर म्हणायचे, "आज मला सुट्टी आहे."

तिथे प्रत्येकाला काही ना काही टोपणनाव पडलं होतं. त्यांच्यातली एक मुलगी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. भिंगांचं काम, म्हणून ती भिंगरी. खरं तर भिंगरीसारखं तिच्यात काहीच नव्हतं. दुकान ते खोली आणि खोली ते दुकान, एवढीच तिची धाव. दुकानातही ती आत मशीनपाशी आणि गिऱ्हाइकं बाहेर. दिवसभरात मालक कामापुरतं बोलायचे आणि संध्याकाळी घरमालकीण मावशी विचारायच्या, "गेटला कडी घातलीस का?" एवढाच तिचा संवाद. शनिवारची ती वाट बघायची. पण हॉलमध्ये गेल्यावर कोपऱ्यातली खुर्ची धरायची आणि कप विसळायच्या निमित्ताने सगळ्यांच्या आधी उठायची. आपली पाळी येऊ नये असंही तिला वाटायचं, आणि कुणी आग्रहच केला नाही की रागही यायचा.

चिमणीचं सगळं उलट. ती एका हॉटेलच्या रिसेप्शनवर होती. हॉलमध्ये शिरली की आधी चार जणांची चेष्टा, मग फादरांच्या बशीतलं बिस्किट, मग खुर्ची. दोघींच्या खोल्या एकाच रस्त्यावर, म्हणून परतताना सोबत असायची. चिमणी बोलायची आणि भिंगरी हुंकार भरायची.

एकदा चिमणीचा घसा बसला. तोंडातून शब्द फुटेना. मुकाट चालणं अवघडल्यासारखं झालं, म्हणून भिंगरी बोलायला लागली, आणि बोलता बोलता पप्पांवर आली.

ती आठवीत असताना तिची आई गेली. त्या दिवसापासून पप्पांनी चर्चमध्ये पाऊल ठेवलं नाही. देवाशी बोलणं टाकलं म्हणा ना. पण रविवारी सकाळी तिला स्कूटरवरून मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, सोडायला मात्र यायचे. ती आत जायची, ते बाहेर स्कूटरवर बसून राहायचे. एका रविवारी आत तिला गरगरायला लागलं, म्हणून ती मधेच उठून दारापाशी आली. आत बायबलातल्या शुभवर्तमानाचं वाचन सुरू होत होतं, सगळे उभे राहिले होते. आणि बाहेर, स्कूटरपाशी, पप्पाही उभे होते. हात बांधून, मान खाली घालून. वाचन संपलं, लोक बसले, तसे तेही सीटवर बसले. ती दाराआड उभी राहून बघत राहिली. प्रत्येक वेळी आतल्यांबरोबर ते उठत होते, आतल्यांबरोबर बसत होते.

"मी पाहिलं, हे त्यांना कधीच सांगितलं नाही," भिंगरी म्हणाली. "सांगितलं असतं तर त्यांनी तेही सोडलं असतं. आत आले ते एकदम शवपेटीतून."

चिमणीने तिचा हात दाबला. गेटपाशी दोघी वेगळ्या झाल्या. त्या रात्री भिंगरीला शांत झोप लागली. कितीतरी दिवसांत आपण एवढं सलग कुणाशी बोललो नव्हतो, असं तिला वाटलं.

पुढच्या महिन्यात चिमणीची पाळी आली. ती उठली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "माझ्या वडिलांनी देवाशी अबोला धरला होता."

भिंगरीला आधी वाटलं, काय योगायोग आहे. मग स्कूटर आली. मग दार आलं. चिमणी छान सांगत होती. कुठे थांबायचं ते तिला बरोबर कळत होतं. पप्पा उठून उभे राहिले तिथे पुढे बसलेल्या एका मुलीने डोळ्यांना रुमाल लावला. चिमणीच्या गोष्टीत पप्पांच्या मिशा होत्या. भिंगरीच्या पप्पांना कधीच मिशा नव्हत्या. तिला त्या मिशांचाच सगळ्यात जास्त संताप आला.

गोष्ट संपली. मग सर हळूच म्हणाले, "पुढच्या रविवारची मिस्सा आपण हिच्या वडिलांसाठी अर्पण करू." सगळ्यांनी माना डोलावल्या. चिमणीने खाली पाहिलं. भिंगरी कप न विसळताच निघाली आणि एकटी घरी गेली.

तीन-चार दिवस तिच्या हाताखालच्या काचांच्या कडा जाड-बारीक व्हायला लागल्या. "लक्ष कुठंय?" मालकांनी विचारलं. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती चिमणीच्या हॉटेलात गेली. काउंटरमागे चिमणी गणवेशात उभी होती, चेहऱ्यावर कामाचं हसू. भिंगरीला पाहून ते हसू हळूहळू उतरलं.

"तुझे वडील आहेत की नाहीत?" भिंगरीने विचारलं.

"असतील कुठेतरी. मी पाहिले नाहीत." चिमणीने आवाज खाली आणला. "सिस्टरांच्या बोर्डिंगात वाढले मी. तुम्ही सगळे घरच्या गोष्टी सांगता. आई, आजी, मामा. मी काय सांगू? ओळीने मांडलेले पलंग?"

"तो माणूस माझा होता."

"माहीत आहे गं."

"मग?"

"तू तर कधी सांगणार नव्हतीस. मला वाटलं, एवढा चांगला माणूस असाच पडून राहील."

तेवढ्यात कुणीतरी खोलीची किल्ली मागायला आलं आणि चिमणीचं हसू परत जागेवर गेलं. भिंगरी उपाशीच दुकानात परतली.

रविवारी फादरांनी वेदीवरून हेतू सांगितला, "आपल्या एका भगिनीच्या दिवंगत वडिलांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून." सगळ्यांनी गुडघे टेकले. भिंगरीनेही टेकले. पप्पांसाठी इतकी माणसं एकत्र प्रार्थना करताना तिने कधी पाहिली नव्हती. अंत्यविधीलाही मोजकेच लोक होते. देवाला बरोबर पत्ता ठाऊक असेल, असं तिने मनाशी म्हटलं. तरीही आपल्या वडिलांच्या मिस्साला आपण परक्यासारखं शेवटच्या बाकावर बसलोय, हे मनातून जाईना. मिस्सा संपल्यावर लोक चिमणीभोवती जमले, तिचे हात हातात घेत राहिले. भिंगरीकडे कुणी वळलंही नाही. का वळतील?

चिमणी गर्दीतून सुटून तिच्यामागे धावत आली. "मी शनिवारी सगळ्यांसमोर सांगून टाकते."

"नको."

"का?"

"मग सगळे शनिवारभर माझ्या पप्पांनाच चघळत बसतील. खरे कुणाचे, खोटे कुणाचे. नको."

दोघी घरच्या रस्त्याला लागल्या. चालता चालता भिंगरी म्हणाली, "त्या पलंगांच्या ओळीत काहीच घडलं नाही?"

"हसण्यासारखं घडलं." चिमणी म्हणाली. "महिन्यातून एकदा भेटीचा रविवार असायचा. ज्यांचं कुणी येईल त्यांना हाक मारायचे. मला कोण हाक मारणार? तर आमच्या स्वयंपाकघरातल्या सिस्टर काय करायच्या, ॲप्रन काढायच्या, मागच्या दाराने बाहेर पडून वळसा घालायच्या आणि पुढच्या गेटातून आत यायच्या. पाहुण्यांच्या बाकावर बसायच्या. मग मला बोलावणं यायचं, तुला भेटायला कुणीतरी आलंय. मी गेले की विचारायच्या, 'काय गं, जेवण बरं मिळतं का इथे?' आणि जेवण तर त्यांनीच केलेलं असायचं."

चिमणी हसली. भिंगरी हसली नाही. तिला रस्त्यातच उभं राहावंसं वाटलं.

"ही सांग ना शनिवारी," ती म्हणाली.

"छे. सगळ्यांना कळेल माझं कुणी नाही."

चिमणीने ती सांगितली नाहीच. महिना संपायच्या आत हॉटेलवाल्यांनी तिची दुसऱ्या शहरात बदली केली. शेवटच्या शनिवारी तिला केक कापायला लावला. भिंगरीने तिच्यासाठी गॉगलची एक जुनी फ्रेम घासूनपुसून, काळ्या काचा बसवून नवी करून आणली होती. चिमणीने ती लगेच डोळ्यांवर चढवली आणि निघेपर्यंत काढली नाही, त्यामुळे ती रडली की नाही ते कुणाला कळलं नाही. मनातला राग पुरता गेला असं भिंगरीला म्हणता आलं नसतं. पण परतीचा रस्ता आता फारच लांब वाटायला लागला.

मग एका शनिवारी सर म्हणाले, "आज भिंगरी." ती उभी राहिली. तिच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक सांगून झालेली होती आणि दुसरी तिची नव्हती. सगळे वाट बघत होते. "पुढच्या वेळी सांगते," म्हणून ती बसली. सर म्हणाले, "हरकत नाही," आणि खरोखरच कुणाची हरकत नव्हती. दुसरं कुणीतरी उठलं आणि सांगू लागलं.

ती घरी येऊन चपला काढत होती, तेवढ्यात फोन वाजला. चिमणी होती.

"इथे चर्च मोठं आहे गं. पण मिस्सा झाली की जो तो आपल्या वाटेने जातो. असं जमत वगैरे कुणी नाही."

"रुळशील."

"हो." मग ती म्हणाली, "एक विचारू? तुझे पप्पा एरवी कसे होते?"

भिंगरी पलंगाच्या कडेवर बसली. सांगावं की नाही, याचा तिने थोडा विचार केला.

"तापट होते," ती म्हणाली. "आधी मिशा काढून टाक त्यांच्या. रोज सकाळी दाढी करताना भांडायचे."

"कुणाशी?"

"रेडिओशी. बातम्या देणाऱ्या बाईंना उलट उत्तरं द्यायचे, साबण लावलेल्या तोंडाने. आणि मी हसले की वस्तरा रोखून मलाही दटावायचे..."

बाहेरून मावशींनी गेटच्या कडीचं विचारलं. "घातली," असं तिने आतूनच ओरडून सांगितलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.