पाच घरचं पीठ

"हे पीठ कुठून आलं, गंगव्वा?"

मी उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारलं. दाराला कडुलिंबाचे डहाळे खोचलेले होते, म्हणजे घरात गोवर, आणि गोवर म्हणजे घरी देवी आलेली. आत पाऊल टाकायची सोय नव्हती. चुलीवरच्या भगुल्यात पिवळं काहीतरी रटरटत होतं आणि शेजारी सुपात दोन मुठी पीठ होतं. ते पीठ मी डोळे मिटूनही ओळखलं असतं. आमच्या अंगणवाड्यांना पोत्यांतून यायचं ते, मक्याचं आणि सोयाबीनचं. त्याला एक कच्चट वास असतो.

"जोगवा हाय, बाई," म्हातारी म्हणाली. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"जोगवा? कुणी मागितला?"

"तानीनं मागून आनला, पाच घरचा. आईचा परसाद हाय, त्येला काय इचारू नगासा."

तिच्या मांडीवर तिची नात यल्लव्वा पडली होती. वय तीन, आणि अंग दीड वर्षाच्या पोराएवढं. कपाळावर, गळ्यावर गोवराचे काळपट पडत चाललेले डाग. गंगव्वानं भगुल्यातलं बोटभर घेतलं, फुंकर घातली, पोरीच्या ओठाशी नेलं आणि म्हणाली, "उदं गं आई, उदं!" पोरीनं तोंड उघडलं. दुसऱ्या घासाला पुन्हा "उदं." त्याशिवाय ती आ करतच नव्हती. मी वही उघडली आणि लिहिलं, 'सरकारी पीठ खाजगी घरात आढळले.'

हे सन त्र्याऐंशीचं. मी तेव्हा कर्नाटकातल्या निपाणी भागात बावीस अंगणवाड्यांवर पर्यवेक्षिका होते. माहेर शहापूरचं, विणकराचं. आमच्या घरी साडीत धागा चुकला तर दोष विणणाराचा, मग मागाची फणी मोडकी का असेना. नोकरीतही मी तेच धरून चालले होते आणि त्याचा मला अभिमानही होता.

त्या फेब्रुवारीत गोवराची साथ पसरली आणि आमच्याकडे एकाच टपालानं दोन परिपत्रकं आली. एक म्हणत होतं, मुलांना एकत्र जमवू नका, केंद्रं बंद ठेवा. दुसरं म्हणत होतं, मुलांचा आहार एक दिवसही खंडित होता कामा नये, आणि तो केंद्रातच, सेविकेच्या डोळ्यांसमोर खाल्ला गेला पाहिजे, घरी अजिबात देऊ नये. मी साहेबांना विचारलं, नेमकं करायचं काय? ते म्हणाले, "दोन्ही पाळा." वा रे साहेब! ते पंख्याखाली बसून म्हणाले, आणि मीही तसंच्या तसं बावीस बायकांना सांगून मोकळी झाले. बहुतेकींनी केंद्राला कुलूप लावलं आणि घरी बसल्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

जांभळवाडीच्या तानीबाईनं मात्र कुलूप लावलं आणि ती घरी बसली नाही.

जांभळवाडी सदलग्याच्या पुढं, दूधगंगेच्या काठावर. शे-सव्वाशे घरं. तानीबाई शिंगे तिथलीच, पस्तिशीची, सातवी पास, नवऱ्यानं टाकलेली, म्हाताऱ्या बापाबरोबर राहणारी. बोलायला कमी. हजेरीपुस्तक कन्नडमधून भरावं लागे. ती जीभ दाताखाली धरून एकेक अक्षर काढायची, पण चूक सापडायची नाही. तिचा बाप मष्णू. त्यानं सत्तावन्न साली धम्म स्वीकारला आणि देव्हाऱ्यातले टाक, भंडारा, यल्लम्माची परडी, सगळं धोतरात बांधून दूधगंगेत सोडलं. परडी तानीबाईच्या आईची होती. आई चार दिवस जेवली नाही म्हणे. तेव्हापासून त्या घरात देवीचं नाव निघालं नव्हतं. जोगतीण दारात येऊन "उदं" म्हणाली तर मष्णू तिला पाणी द्यायचा, बसायला जागा द्यायचा, पीठ द्यायचा नाही.

त्याच मष्णूची लेक मला त्या दिवशी गल्लीच्या टोकाला दिसली. अनवाणी, डोक्यावर पदर, हातात वेताची बुट्टी. बुट्टी आमचीच होती, पोरांची खेळणी ठेवायला केंद्राला दिलेली. तिच्या काठाला बायकांनी लावलेलं हळदकुंकू.

"तानीबाई, हे काय चालवलंय?"

"जोगवा मागतोय, बाई."

"तुम्ही? मष्णूआप्पांची मुलगी?"

तिनं बुट्टी कट्ट्यावर ठेवली. "यल्लव्वाचं वजन साडेसा किलू. तुमीच तिच्या कार्डावर लाल रेघ मारलीती, ध्येनात हाय न्हवं? गोवर आल्यावर म्हातारीनं तीन दिस नुस्तं कडूलिंबाचं पानी घातलं पोरीला. मी पीठ घिऊन गेलतो तर उंबऱ्यावरनंच परतिवली. सरकारचं आईला चालत न्हाय म्हनली. दुसऱ्या दिशी शिजवून नेलं, तर फोडनीच्या वासानं आई कोपली म्हनून सगळी गल्ली अंगावर आली. मग काय करतो, बाई? पोर डोळं पांढरं करायला लागलती."

देवीच्या घरात फोडणी चालत नाही, बाहेरचं शिजलेलं चालत नाही, हे मला ठाऊक होतं. तानीबाईला उंबऱ्याबाहेर ठेवायला आणखीही एक कारण होतं. ते गावात कुणी बोलून दाखवत नसे. पण जोगवा परत पाठवता येत नाही. पाच घरी देवीच्या नावानं मागून आणलेलं पीठ, मग ते कुणीही मागितलेलं असो, दुखणाईताला शिजवून घालायचंच. जोगव्याला कुणी जात विचारत नाही.

म्हणून तानीबाई रोज संध्याकाळी पाच घरांत मापानं सरकारी पीठ देऊन यायची. सकाळी बुट्टी घेऊन त्याच पाच दारांत उभी राहायची आणि "उदं गं आई, उदं" म्हणून तेच पीठ परत मागायची. मग ते गंगव्वाच्या उंबऱ्यावर ओतायची. म्हातारी पाण्यात शिजवायची, गूळ घालायची, आणि भगुलं उतरवल्यावर तानीबाई बाहेरून सांगायची, "आता त्याल वरनं कच्चंच वता." फोडणी नाही, वास नाही, देवीची तक्रार नाही. हे पीठ कुणाचं ते पाच घरांना ठाऊक होतं, गल्लीला ठाऊक होतं आणि गंगव्वालाही चांगलं ठाऊक होतं. सगळे बेमालूम गप्प होते. त्या दिवसापर्यंत गावात अकरा घरी गोवर पोचला होता आणि तानीबाई अकरा घरांसाठी गल्ल्या फिरत होती.

"आणि मष्णूआप्पा काय म्हणतात?" मी विचारलं.

"काईच म्हनत न्हाईत. पंदरा दिस झालं, बोल न्हाय. माझ्या हातचं पानीबी घेत न्हाईत. सोताच भाकरी थापत्यात आनि करपलेली खात्यात." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग तिनं बुट्टी उचलली. "जातो बाई. अजून दोन घरं ऱ्हायलीत."

मी वही मिटून, लिहिलेलं पान फाडून टाकायला हवं होतं. मी तसं केलं नाही. निपाणीची बस चुकेल म्हणून लगबगीनं स्टँडवर गेले आणि दुसऱ्या दिवशी अहवाल दिला. जे पाहिलं ते लिहिलं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. सांगून काही उपयोग झाला नाही. लाज वाटायची ती वाटतेच.

मार्चअखेर तानीबाईला चौकशीला बोलावलं. ती सकाळच्या पहिल्या बसनं आली आणि कार्यालयाच्या पायरीवर बसून राहिली. साहेब आत होते. मी बाहेर येऊन तिच्या कानाशी लागले.

"हे बघा, तानीबाई. जबाबात एवढंच लिहा, की मुलं एकेक करून केंद्रात आली आणि तुमच्यासमोर जेवून गेली. बाकीचं मी बघते. नोकरी राहील."

"एकबी आलं न्हवतं की वो."

"बघायला कोण आलं होतं?"

"तुमी आलता."

मी साहेबांच्या दाराकडं बघितलं. तीच म्हणाली, "अंगावर गोवर आसताना पोरं केंद्रात गोळा केली म्हनून लिवू? उद्या कोनबी म्हनंल, हिनंच साथ लावली. आनि बाई, जोगवा मी मागितलाय. आप्पा दारात बसून बगत हुतं, त्येंच्या म्होरनं बुट्टी घिऊन गेलोय. एक दिस न्हाय, एकवीस दिस. त्ये मागितलंच न्हाय म्हनून आता कसं लिवू?"

आत जाऊन तिनं जबाब लिहिला. दोन ओळी. 'मी पाच घरी जोगवा मागितला. अकरा मुले जेवली.' साहेबांनी तो वाचला आणि आरोपात आणखी एक कलम वाढवलं: सरकारी सेविकेने अंधश्रद्धेस उत्तेजन दिले. ज्या घरानं देव्हारा नदीत सोडला त्या घरच्या बाईवर हे कलम! मी समोर बसले होते. तोंडातून अक्षर काढलं नाही.

ती अकराच्या अकरा मुलं बरी होऊन उठली. कुलूप लावलेल्या गावांत काय झालं तो आकडा मी इथं सांगत नाही, पण मला तो पाठ आहे.

तानीबाईला काढल्याचा हुकूम एप्रिलात निघाला. चार्ज घ्यायला मलाच जावं लागलं. नवी सेविका रुक्माबाई सदलग्याहून आली होती, चुणचुणीत पोरगी, नव्या पातळात. साथ ओसरली होती, केंद्र उघडलं होतं, तीसेक पोरं ताटल्या घेऊन ओळीनं बसली होती. रुक्माबाईनं पहिल्याच दिवशी मोहरी-कढीपत्त्याची खमंग फोडणी देऊन पिवळ्या पिठाचं उप्पीट केलं होतं. पोरं खूश होती.

वजनकाटा साथीत तानीबाईच्या घरी नेऊन ठेवलेला होता. तो जड. मष्णू तो डोक्यावर घेऊन लेकीच्या मागून आला. दोघांत दहा पावलांचं अंतर होतं. त्यानं काटा भिंतीशी उतरवला, मला "नमस्कार, बाई" म्हणाला आणि दाराशीच उभा राहिला. तानीबाई वस्तू पुढं ठेवत गेली, मी वाचत गेले. काटा एक. पातेली दोन. पळी एक. बुट्टी एक. बुट्टी तिनं घासून आणली होती, तरी काठाचा पिवळेपणा गेला नव्हता.

"ही पोर खाईना, बाई," रुक्माबाई म्हणाली.

ओळीच्या शेवटी यल्लव्वा होती. केस विंचरलेले, अंगावर थोडं मांस धरलेलं. तिच्यापुढं ताटली भरलेली होती आणि ती हात मांडीवर ठेवून बसली होती. रुक्माबाईनं घास तिच्या ओठाशी नेला. तिनं ओठ मिटूनच ठेवले. रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं, छे! गंगव्वा शेतात भांगलणीला गेलेली. पोर एकटक तानीबाईकडं बघत होती.

तिला काय हवं होतं ते तानीबाईला कळलं. मलाही कळलं. गोवर आल्यापासून तिच्या तोंडात एकही घास त्या शब्दाशिवाय गेला नव्हता. तानीबाईनं तो शब्द गल्लीगल्लीतून ओरडून म्हटला होता. पण आता बाप दाराशी उभा होता. तिचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. तिनं मान खाली घातली आणि माझ्या हातातल्या यादीकडं बघत राहिली.

"आजारी हाय काय ती?" मष्णूनं विचारलं. कुणाला विचारलं, कळलं नाही.

"न्हाय," तानीबाई जमिनीकडं बघत म्हणाली. "आईचं नाव घेटल्याबिगार खात न्हाय."

मष्णूनं डोक्याचा पटका काढून खांद्यावर टाकला, पोरांच्या ओळीमागून हळूहळू चालत गेला आणि यल्लव्वापुढं उकिडवा बसला. उप्पिटाचा एक लहानसा घास त्यानं बोटांत घेतला. फुंकर घातली. घसा खाकरला. सव्वीस वर्षांत त्यानं हा शब्द उच्चारला नव्हता आणि आता तो नीट निघेना.

"उदं," तो म्हणाला. "उदं गं आई, उदं."

यल्लव्वानं आ केला.

दुसरा घास. "उदं." तिसरा. "उदं." आजूबाजूची दोन पोरं हसायला लागली. मष्णूनं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. ताटली रिकामी होईपर्यंत तो घास भरवत राहिला आणि प्रत्येक घासाला तेवढंच म्हणत राहिला, घोगऱ्या आवाजात. तानीबाई भिंतीला टेकून उभी होती. तिचा पदर तोंडावर होता. मी यादीवर सही करायची थांबले होते.

ताटली संपल्यावर मष्णूनं मागं न बघता हात पुढं केला.

"तानी, पानी आन."

ती घागरीपाशी गेली, तांब्या भरून घेऊन आली. त्यानं आधी पोरीला पाजलं. उरलेलं स्वतः प्याला.