बुधवारचे बत्तीस दात

लॉन्ड्रीच्या वरच्या हॉलमध्ये त्या बुधवारी संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. खालून इस्त्रीची वाफ, वरून पत्र्याची धग आणि मध्ये आम्ही तीनशे जण शिजत होतो. समोर उंच खुर्चीवर मोतीबाबा. दाढी बेंबीपर्यंत, डोळे मिटलेले.

"आमचं वय एकशे दहा," बाबा म्हणाले. "आणि बत्तीसच्या बत्तीस दात अस्सल! का? कारण आम्ही औषध नावाचं विष कधी पोटात घातलं नाही. औषध म्हणजे अविश्वास, बाळांनो! आणि अविश्वास म्हणजे बद्धकोष्ठ!"

"अहाहा!" गर्दी म्हणाली.

मग बाबांनी तोंड वासून सगळ्यांना दाखवलं. रिकामं. तोंड मिटलं, गाल हलले, मान थरथरली आणि जिभेवर टपोरा मोती! लोक रडायला लागले. बाबांनी तो मोती नेमका माझ्या ताईच्या हातावर ठेवला.

"हा पाण्यात बुडवून ते पाणी पी, बाळ. उद्यापासून सुया बंद."

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिला साखरेचा आजार आहे, रोज दोन वेळा इंजेक्शन लागतं. बाबांचं ते 'बाळ' म्हणजे साठीची बाई, पण लाजून अशी हसली, की जणू शाळेत पहिला नंबर आला.

माझं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. मोती येण्याआधी बाबांच्या तोंडात बारीक 'टक्' असा आवाज झाला होता. मी पंचवीस वर्षं कवळ्या बनवतो. तो आवाज स्टीलच्या झाकणाचा होता, आणि तसं झाकण मी जन्मात एकाच कवळीला लावलंय. शिवाय बाबा बत्तीस म्हणत होते, पण मी मोजले तर अठ्ठावीसच. मी कवळीत अठ्ठावीसच दात बसवतो. अक्कलदाढा देत नाही.

ती कवळी मी सरांसाठी केली होती. सर म्हणजे निवृत्त विज्ञानशिक्षक. दर रविवारी वाचनालयात बुवाबाजीविरुद्ध भाषण देणारे. "हृदयाची गोळी सदैव जवळ हवी. टाळूत एक कप्पा ठेवा," असं म्हणाले होते. मी ठेवला.

घरी येऊन ताईला सांगितलं. ती म्हणाली, "दात्या, तुला सगळ्या जगाच्या तोंडात तुझीच कवळी दिसते! माणसात देवपण बघायला शिक जरा."

"ताई, इंजेक्शन घे."

"मोती घेतलाय."

रविवारी तिला ओढत वाचनालयात नेलं. सोळा माणसं आणि एक मांजर. सर काय तळपत होते!

"हा मोतीबाबा पक्का भामटा आहे!" त्यांनी टेबल बडवलं. "गोरगरिबांची औषधं बंद करतो! माणूस आहे की राक्षस?" बोलता बोलता त्यांचे डोळे पाणावले. खोटं पाणी नव्हतं ते, मला कळतं.

मी विचारलं, "सर, मोती येतो कसा?"

"सोपं आहे! कवळीच्या टाळूत कप्पा. जिभेने झाकण उघडायचं की झालं!"

"मग बुधवारी चला ना, तिथेच उघडं पाडू."

सरांचा चेहरा एकदम पाटी पुसल्यासारखा झाला. "बुधवारी मला जमत नाही," ते म्हणाले आणि पुन्हा बाबाला शिव्या घालू लागले.

बाहेर पडल्यावर ताई म्हणाली, "बाबा म्हणालेच होते, एक नास्तिक मास्तर माझी निंदा करील. बघ, शब्द न् शब्द खरा ठरला!"

सोमवारी तिला चक्कर आली. मंगळवारी ती तांब्यावर तांबे पाणी पीत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी दोन दिवस असं चाललं तर मी काही सांगू शकत नाही." ताई मात्र जागची हलेना. शेवटी मी म्हटलं, "बुधवारी बाबांना तुझ्या हाताने काहीतरी गोड भरव. त्यांनी ते नीट चावून खाल्लं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

माझ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला मी बजावतो, की बाबांनो, काहीही खा, चिकट टॉफी खाऊ नका. सर ते पथ्य कसोशीने पाळायचे. पण ते सर. बाबांना अस्सल दात! ते नाही कसं म्हणणार?

बुधवारी ताईने अंगठ्याएवढी टॉफी बाबांच्या तोंडात घातली. बाबांनी ती ऐटीत चावली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जबडा उघडेना. बाबांच्या भुवया कपाळावर गेल्या. ताई भाबडेपणाने म्हणाली, "अडकली का हो? थांबा," आणि टॉफीचं बाहेर आलेलं टोक धरून तिने खेचलं.

टॉफी आली. मागोमाग वरची कवळी आली. आणि टाळूतल्या कप्प्यातून मोती टुणकन उडून पहिल्या रांगेतल्या न्हाव्याच्या खिशात पडला.

मी पिशवीतून कवळी करताना घेतलेला जबड्याचा प्लास्टरचा साचा काढला. 'सर, वाचनालय' अशी त्यावर चिठ्ठी होती. कवळी त्यावर बसवली. खट्ट! केसाचीही फट नाही.

आणि मग जे घडलं तो मात्र चमत्कारच म्हणायचा. बाबांनी दाढी काढली, नीट घडी करून खिशात ठेवली, चष्मा लावला आणि ते पोकळ तोंडाने गरजले, "पाहिलंत? मी लविवाली शांगितलं नव्हतं? कवलीत कप्पा अशतो! कशे फशता तुम्ही?"

चार-पाच जणांनी सवयीने टाळ्याही वाजवल्या.

"अहो, पण फसवलं कोणी?" न्हावी ओरडला.

"त्या भामट्याने!"

"तो भामटा तुम्हीच ना?"

"बुधवालचं मला विचालू नका," सर खरोखर दुखावून म्हणाले. मग आवाज खाली आला. "लविवाली शोला माणशं येतात हो. इथे तीनशे."

ताई कवळी हातात धरून उभी होती. "मास्तर, तुमच्या डोक्यात असतील बुधवार-रविवारचे वेगळे खण. माझं अंग एकच आहे. सात दिवस इंजेक्शन नाही घेतलं मी. ते कुठल्या वाराला विचारू?"

सरांनी मान खाली घातली. चष्मा काढून दाढीच्याच खिशात ठेवला.

ताईला तिथूनच रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तीन दिवस तिथे राहिली, आणि वाचली. सुई टोचताना आता कुरकुर करते; ती कुरकुर मला गोड लागते.

मंडळी, मी देव मानतो. त्याचं नाव कुणी गाऊन ऐकवलं तर माझे डोळे भरून येतात. पण गळा भरून आला म्हणून डोकं रिकामं करायचं नसतं. औषध सोड म्हणणारा कितीही गोड बोलो, आधी त्याला पुरावा मागा. आणि बुवाबाजीवर टाळ्या घेणारा भेटला, तर त्यालाही मागा. मोठ्या आवाजात सांगितलं म्हणून काही खरं ठरत नाही. तपासून बघा. देवाने बुद्धी दिलीय ती वापरली, म्हणून तो रागावेल असं मला तरी वाटत नाही.