एक सीट बाकी

मागच्या भेटीत पर्यवेक्षिका शीला मॅडमनी आमच्या अंगणवाडीच्या शेरेबुकात लाल पेनाने लिहिलं, 'गटकृती दिसली नाही.' पुन्हा दिसली नाही तर मला नंदुरबारला दहा दिवसांचं प्रशिक्षण, तेही नेमकं होळीच्या आठवड्यात. आमच्या धडगावच्या डोंगरात होळी म्हणजे काय, हे त्या शहाद्याच्या बाईला कोण सांगणार? माझा नवरा ईश्वर दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेला, तो येणार फक्त होळीला, चार दिवस. त्याची फार आठवण येते. मला घरी राहायचं होतं, बस.

म्हणून तीन दिवस कागद रंगवले. वीस मुलं, पाच-पाचचे चार गट. एक गट बिया निवडणार, एक पानं चिकटवणार, एक मातीची भांडी करणार, एक आगगाडी खेळणार. पंधरा मिनिटांनी अदलाबदल. मदतनीस रूपलीबाई कागद बघून म्हणाली, "ताई, झकास. पण पोरांना विचारलं का?" असलं बोलायची तिला खोडच आहे.

मॅडम साडेनऊला येणार होत्या, आल्या साडेअकराला. साडी चुरगळलेली, चेहरा तापलेला. धडगावच्या जीपवाल्याने गाडी भरेपर्यंत दोन तास बसवून ठेवलं होतं. "एका सीटसाठी हो, एका सीटसाठी!" म्हणत त्या खुर्चीवर टेकल्या. आज लाल शेरा ठरलेला, हे मी ओळखलं.

सगळे गट कामाला लावले आणि आगगाडीकडे वळले. माझी अक्कलच ती! ज्या मुलांनी रूळ पाहिलेला नाही, त्यांना मी आगगाडी दिली. शिट्टी मारली, गाडी हलेना. पुढे खात्या होता. वय वर्षं पाच, बाप जीप चालवतो. तो भिंतीकडच्या बाकावर चढून बसला आणि पावरी बोलीत म्हणाला, "भरली नाही. सुटणार नाही."

"पाचच जण आहेत रे तुझ्या गटात!"

"पाचावर कोण गाडी सोडतो?" असं म्हणून तो ओरडायलाच लागला, "धडगाव, धडगाव!"

बियांचा गट बिया टाकून धावला. पानंवाले चिकट हातांनी आले, भांडीवाले मातीच्या. बाकावर सहा, खाली दाटीने बारा, मागे दोघं खिडकीच्या गजाला लटकले. तीन दिवसांचं नियोजन तीन मिनिटांत जीपमध्ये बसलं. मला रडू यायचं बाकी होतं.

खात्याने मान वळवून गाडी तपासली. "एक सीट बाकी." वीस जणांनी मॅडमकडे पाहिलं.

"बसा मॅडम," रूपलीबाई म्हणाली, "नाहीतर सुटायची नाही."

हे मॅडमना सकाळपासून चांगलंच ठाऊक होतं. त्या बसल्या. दोन मुलं लगेच मांडीवर चढली. गाडी सुटली आणि पहिल्याच वळणावर मॅडमचं शुद्ध मराठी सांडून घरची अहिराणी बाहेर आली. "अरे पोऱ्या, मन्हा पाय दबाई गया!"

घाटात खात्याने घर्र करून गाडी बंद पाडली. "उतरा. ढकला."

सगळे उतरले. मोठ्यांनी बाकाचे कोपरे धरले, लहानांनी मोठ्यांची कंबर. पेन्सिलीवरून आठवडाभर भांडणारे दोघं खांद्याला खांदा लावून जोर करत होते. मॅडमनी पदर खोचला. ड्रायव्हरसकट बाक थेट दारापर्यंत गेला.

मॅडम धापा टाकत शेरेबुक उघडून बसल्या. मी वाकून वाचलं, 'गटकृती उत्तम. सेविकेने दहा दिवसांच्या प्रशिक्षणात येऊन इतरांना शिकवावे.'

नापास झाले तरी नंदुरबार, पास झाले तरी नंदुरबार!

"मॅडम, माझा नवरा फक्त होळीला घरी येतो," मी म्हणाले. आवाज फुटला, फुटू दिला. "मी नाही येणार. आणि डोंगरातली एकही सेविका येणार नाही. तुमची गाडी भरणार नाही मॅडम."

त्या खो-खो हसल्या. शेऱ्याखाली लिहिलं, 'होळीनंतर.'

"होळी तं मन्हीबी शे, जागृती," त्या म्हणाल्या आणि पाय चोळायला लागल्या.

संध्याकाळी ईश्वरला फोन लावला. "लवकर निघ," म्हटलं. "इथे एक सीट बाकी आहे."