काळी कड

सासूबाईंचं बायबल कपाटात, मखमली कापडात. पानांच्या कडांना सोनेरी मुलामा. रविवारी ते सासूबाईंच्या छातीशी धरून चर्चला जायचं आणि एक पानही न उलटता घरी यायचं. असल्या भक्तीचं जो तो कौतुक करतो, कारण खरं बोलायला जीभ रेटत नाही.

सून मोटारसायकली दुरुस्त करायची. घराखालीच गॅरेज. रोज थोडं बायबल वाचायचं असं तिनं कितीदा तरी ठरवलं आणि दर वेळी तोंडघशी पडली. कारण सासूबाईंचा हुकूम, "आधी हात स्वच्छ, मग शास्त्र!" पण ग्रीस कुठं साबणाला भीक घालतंय? नखं घासून होईतो चूल बोलवायची, मग झोप. नणंद फोनवर टोचायची, "काय वहिनी, अजून आदाम-हव्वेपाशीच का?"

लेकीच्या बाळंतपणाला सासूबाई दोन महिने गेल्या. प्रवासात खराब होईल म्हणून बायबल घरीच ठेवलं.

गाडी तापून आली की इंजिन निवेपर्यंत उघडता येत नाही. तो वेळ आजवर गिऱ्हाइकांच्या गप्पांत जायचा. सुनेनं बायबल खाली आणलं, टायरच्या चवडीवर ठेवलं आणि होत्या त्या हातांनी उघडलं. मुलाम्यानं पानं एकमेकांना चिकटलेली. इंजिनाच्या सांध्यातलं चिकटलेलं गॅसकेट सोडवावं तशा हलक्या हातानं ती एकेक सोडवत गेली.

"ताई, झाली का गाडी?"

"थांबा हो, राजाला गादीवर बसू दे, मग बघते."

याचा मुलगा तो, त्याचा मुलगा हा, अशी नावांची रांग लागली तेव्हा तिचा जीव मेटाकुटीला आला. पण गंजलेला नट सोडणारी बाई नावांना थोडीच भिणार? एकही नाव तिनं गाळलं नाही. पुढं पुढं तर इंजिन तापलं की हात आपोआप पुस्तकाकडं जायला लागला.

सासूबाई परतल्या. रविवारी सकाळी त्यांनी मखमल सोडली आणि किंचाळल्या.

"माझ्या शास्त्राला काळं फासलंस!"

"ग्रीस आहे, आई. पाप नाही."

"हात धुवायला काय धाड भरली होती?"

"हात धुता धुताच इतकी वर्षं गेली." सुनेला पुढचं दिसत होतं. आता बायबल कुलपात जाणार आणि लागलेली सवय मोडणार. तरी ती थांबली नाही. "आणि आई, माझ्याआधी या पानांना कुणाचा हातच लागला नव्हता. चिकटलेली होती सगळी."

नवऱ्यानं वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. शूर माणूस.

सासूबाईंनी कडेवरून अंगठा फिरवला. अर्ध्याच्या पुढंपर्यंत काळं, मग सोनेरी. सोनेरी भागात त्यांनी नख घातलं. पानं सुटेनात. मग बायबल तसंच, मखमलीविना, काखेत मारलं.

"चल. उशीर होतोय."

चर्चमध्ये शेजारच्या बाईनं नाक मुरडलं. "अगंबाई, केवढं मळलंय! नवीन घ्या की."

सासूबाई ताठ बसल्या. "मळलेलं नाही, वाचलेलं आहे. आमच्या सुनेनं. हे बघा, इथवर! आता तुमचं दाखवा बरं."

त्या बाईनं आपलं बायबल लगबगीनं पर्समध्ये कोंबलं. प्रार्थनेला हात जोडताना सून एरवी नखं लपवायची. आज लपवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः बायबल घेऊन गॅरेजात उतरल्या.

"मोठ्यानं वाच. मला पहिल्यापासून ऐकव."

"मी मागं यायची नाही, आई. चष्मा आणा. माझं मी वाचते, तुमचं तुम्ही."

"सासूला उलट बोलतेस?"

"इंजिन निवलं की मी कामाला लागते. तेव्हा तुमची पाळी."

सासूबाई पुटपुटत वर गेल्या आणि चष्मा घेऊन आल्या. तोवर इंजिन निवलं होतं, सून कामाला लागली होती. पहिल्याच पानावर सुनेच्या अंगठ्याचा ठसा होता. त्यांनी तो पदरानं पुसून पाहिला. जाईना. मग चष्मा नाकावर चढवून, ठशाखालच्या ओळीवर बोट ठेवून, त्या अडखळत वाचायला लागल्या.