हेनगर्नची खूण

चित्रात सदतीस मेंढ्या होत्या, चार गाई, एक कुत्रा आणि एक बाई. सगळ्यांची पाठ बघणाऱ्याकडे, तोंडं तळ्याकडे. पाणी बाईच्या गुडघ्यापर्यंत आलेलं. इडवल ब्रीझ त्या चित्रासमोर बराच वेळ उभा होता. त्याच्या मागे खाद्याची पोती घ्यायला आलेली तीन माणसं खोळंबली होती, आणि काउंटरमागे मेडवेन त्याच्या कौतुकाची वाट बघत होती.

चित्र तिचंच होतं. वेल्समधल्या दंतकथा मोठ्या मुलांसाठी नव्याने सांगणारं पुस्तक. डाव्या पानावर वेल्श, उजव्या पानावर इंग्रजी आणि दोन्ही पानांवर पसरलेली अशी बारा चित्रं. शेतकऱ्यांच्या सहकारी दुकानात ती एकवीस वर्षं काउंटर सांभाळत होती. चित्रं रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी काढायची. पुस्तक सोमवारी छपाईला जाणार होतं. प्रकाशनगृहातल्या नॉननं नमुना म्हणून एक चित्र मोठं करून पाठवलं, ते मेडवेननं जंताच्या औषधाच्या जाहिरातीशेजारी डकवलं होतं.

गोष्ट दुकानातल्या प्रत्येकाला पाठ होती. तळ्यातली बाई माणसाशी लग्न करते. अट एकच, तिला लोखंड लागता कामा नये. एक दिवस नवरा घोड्याकडे लगाम फेकतो, त्याची कडी तिच्या गालाला लागते. ती काही बोलत नाही. आपली जनावरं घेते आणि आली तशी पाण्यात निघून जाते.

"कान चुकलाय," इडवल म्हणाला.

तिथला डोंगर सामाईक. सहा शेतांच्या मेंढ्या वर एकत्र चरतात, मध्ये कुंपण नाही. कुठली कुणाची, ते कानावरून ठरतं. प्रत्येक शेताचा काप वेगळा. हेनगर्न या शेताचा काप म्हणजे एका कानाचं टोक सरळ छाटलेलं आणि खालच्या कडेला एक खाच. मेडवेननं सदतीसही मेंढ्यांच्या डाव्या कानाला तो काढला होता. ठरवून नाही. कुंचला कानापर्यंत आला आणि हातानं तेच काढलं.

हेनगर्न तिच्या वडिलांचं, एमलिनचं. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी ते इडवलला विकलं. जमिनीबरोबर कळप गेला आणि कळपाबरोबर खूण गेली. त्या भागात माणसाला शेताच्या नावानं ओळखतात, त्यामुळे नावही गेलं. तोवर ती मेडवेन हेनगर्न होती; आता इडवल हेनगर्न झाला आणि ती मेडवेन दुकान.

"खूण आपली काढलीस, बरं वाटलं," इडवल म्हणाला. "पण ती उजव्या कानाला असते. तू डाव्याला काढलीयेस."

मेडवेननं डावाच बरोबर असल्याचं सांगितलं. बारा वसंत तिनं स्वतः कोकरं धरली होती. इडवलनं मान हलवली. पोती उचलणाऱ्या डिलविनला मात्र गप्प राहवलं नाही.

"ते राहू दे. बाईला लोखंड चालत नाही ना? मग एवढे कान कापले कशानं, दातांनी?"

माणसं हसली. मेडवेनला मात्र हसू आलं नाही, आणि तोंडून निघून गेलं, "आमच्या वेळी डावाच होता. मागाहून कुणी बदलला असेल तर मला माहीत नाही."

हसणं जागच्या जागी थांबलं. कानावरची खूण बदलतो तो चोर. त्या डोंगरावर याला दुसरा अर्थ नाही. इडवलनं काढलेली टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "शनिवारी मेंढ्या खाली आणतोय," तो म्हणाला. "ये आणि बघ." आपली पोती न घेताच तो बाहेर पडला.

हे शेवटचं आणणं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इडवल एकाहत्तरचा, दोन्ही गुडघे गेलेले, मुलगी ब्रिस्टलला. जमीन झाडं लावणाऱ्या कंपनीनं घेतली होती आणि शनिवारी तीन वाजता कळपासाठी ट्रक येणार होता. त्यानंतर तो काप कुणीच करणार नव्हतं.

मेडवेननं नॉनला फोन केला. नॉन म्हणाली, शहरातली पोरं कान कशाला बघतील? फार वाटत असेल तर खाचा पुसून टाक, तासाभराचं काम. मेडवेननं रविवारी कळवते म्हणून सांगितलं. पुसायचं तिच्या मनात नव्हतं. ती डोळे मिटून आठवत राहिली: कोकराचं तोंड, वडिलांची सुरी, आपले दोन हात आणि डावीकडे तो कान. दर वेळी डावीकडेच. वडिलांचा चेहरा आता आठवणीत पुसट झाला होता. तो कान नव्हता झाला.

शनिवारी सकाळी कुत्र्यांनी डोंगरावरून मेंढ्या उतरवल्या. दगडी कोंडवाड्यांत त्या निवडून वेगळ्या करायला बाकीच्या पाचही शेतांवरची माणसं आली होती. इडवलच्या बायकोनं गाडीच्या डिकीतून चहा आणि बेदाण्यांचा पाव वाटला. मेडवेनला कप मिळाला, पण तिच्याशी कुणी फारसं बोललं नाही. "परीक्षक आल्या," एवढंच डिलविन म्हणाला.

इडवलनं तिला आत बोलावलं आणि एक मेंढी पुढे ढकलली. "हिला धर."

तिनं पूर्वी धरायची तसंच धरलं: समोर उभं राहून, हनुवटी दोन्ही हातांत, कपाळ आपल्या पोटाशी. छाटलेला कान तिच्या डाव्या हाताला आला. क्षणभर तिला इतका आनंद झाला की ती "बघा" म्हणणार होती. मग मेंढीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. दोघी समोरासमोर होत्या. तिचा डावा हात ज्या कानाशी होता, तो मेंढीचा उजवा होता.

तिनं मेंढी लगेच सोडली नाही.

"मी समोरून धरायचे," ती म्हणाली.

"आणि एमलिन मागून कापायचा. त्याला उजवा, तुला डावा. माझ्या पोरीचाही असाच घोळ व्हायचा."

"इडवल, त्या दिवशी मी जे बोलले..."

"ते तू चारचौघांत बोललीस," इडवल म्हणाला.

मेडवेननं मेंढी सोडली. भिंतीला टेकून चहा पिणाऱ्या माणसांकडे ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खूण उजव्याच कानाला आहे. माझ्या वडिलांच्या वेळीही तिथंच होती. इडवलनं काही बदललेलं नाही. चूक माझी."

डिलविननं कप खाली ठेवला.

"चित्राचं काय करणार?" इडवलनं विचारलं.

"सदतीस डावे भरून काढायचे, सदतीस उजवे कापायचे. उद्या दिवसभरात होईल."

ट्रक वेळेवर आला. मेंढ्या अरुंद फाटकातून एकेक करून फळीवर चढणार होत्या, आणि तिथं मोजायला कुणीतरी लागतंच. इडवलनं खिशातली पेन्सिल काढून मेडवेनला दिली. "तूच मोज. आणि कानही बघून घे." तिनं कागदावर रेघ मारून रकाने पाडले आणि फाटकाशी उभी राहिली. पलीकडच्या बाजूला इडवल उभा राहिला. पुढून जाणाऱ्या प्रत्येक मेंढीच्या पाठीला त्याचा हात लागत होता. काम संपायला चाळीस मिनिटं लागली.

एकूण मेंढ्या दोनशे चौदा. उजव्या कानाला खूण, दोनशे अकरा. कान फाटल्यामुळे वाचता न आलेल्या, तीन. डाव्या कानाला, एकही नाही.