विहीणबाईंच्या गच्चीवरची कॉफी

रुपरावांनी गच्चीचं दार ढकललं आणि नाकात असा झणका आला की ते जागीच थांबले. जुन्या लुगड्यावर अर्ध्यात भिवापुरी मिरच्या, अर्ध्यात त्यांची कॉफी. मध्ये धड वीतभर जागा नाही. त्यांच्या लेकीच्या, मेघाच्या सासूबाई, रंभाबाई, एकाच हातानं दोन्ही परतत होत्या.

चिखलदऱ्याहून येताना एसटीत पोतं खालून ओलं झालं होतं. भाऊ, तुम्ही दमून झोपलात म्हणून मीच ऊन देऊन टाकलं, असं त्या कौतुकानं सांगू लागल्या. आता बोलणार काय, कपाळ? कॉफीचा कच्चा दाणा भारी लोभी. शेजारी जे पडेल त्याचा वास पिऊन बसतो. पण नागपुरातल्या नंदनवनच्या या उन्हात विहिणीनं कंबर मोडून केलेल्या कामाला लेकीच्या सासरी नावं ठेवणारा बाप अजून जन्माला यायचा आहे. तुम्हाला उगाच त्रास झाला, एवढंच म्हणून रुपराव खाली आले आणि दिवाणावर बसले. पुन्हा उठायचं त्यांच्या जिवावर आलं.

वर्षाचं सगळं पीक त्या पोत्यात होतं. आजोबांनी लावलेली झाडं ती, सिल्व्हर ओकच्या सावलीत, धुक्यात वाढलेली. नव्या जातीची झाडं फळांनी लगडतात. ही म्हातारी हात आखडून देतात, आणि फळ लाल व्हायला इतका वेळ घेतात की माणसाचा जीव मेटाकुटीला यावा. पण चव म्हणाल तर आधी संत्र्याच्या सालीसारखी कडसर-आंबट, घोट गिळला की मागून गुळाची गोडी, आणि ती जिभेवरून हलायचं नाव घेत नाही. मुलाला त्या चवीचं सोयरसुतक नव्हतं. त्याला तिथं स्ट्रॉबेरी लावायची होती. बापलेकांचं ठरलं होतं: नागपूरच्या कॉफीवाल्यानं माल घेतला तर झाडं राहतील, नाही तर ट्रॅक्टर फिरेल.

दुसऱ्या दिवशी मेघानं त्यांना स्कूटरवर मनीषनगरला नेलं. कॉफीवाला जितेंद्र भला माणूस. त्यानं दाणे टरफल काढून समोरच भाजले, दळले, वर उकळतं पाणी ओतलं आणि चमच्यानं सुर्रकन घोट ओढला. मग खोकला. पुन्हा एक घोट घेऊन पाहिला, पुन्हा खोकला. रुपरावांनीही चाखली. संत्र्याची साल होती, गूळही होता, पण पार मागे. पुढे मिरची दार अडवून बसलेली. वाळवताना काही झालं का, कोणी वाळवली, असं जितेंद्रनं अदबीनं विचारलं.

खरं सांगितलं असतं तर तो पुढच्या हंगामापर्यंत थांबला असता, आणि मुलालाही थांबावं लागलं असतं. पण मेघा शेजारीच बसली होती. तिचा स्वभाव रुपरावांना ठाऊक होता. घरी जाऊन ती सासूशी भांडली असती आणि ते भांडण वर्षानुवर्षं पुरलं असतं.

"मीच वाळवली," रुपराव म्हणाले. "आमच्याकडं अशीच लागते."

जितेंद्रनं हात जोडले. अशी कॉफी त्याच्या दुकानात चालणार नव्हती.

परतताना मेघानं रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवली. "बाबा, खोटं काहून बोलले तुम्ही? मिरच्या मी पाहिल्या होत्या गच्चीवर."

"सासूबाईले काही म्हणू नको," ते म्हणाले. "झाडं जातीन. तुले त्या घरात राहाचं हाय वं."

मेघा रडू लागली. तिची समजूत घालायचंही बळ रुपरावांत उरलं नव्हतं. त्यांनी तिथूनच मुलाला फोन करून ट्रॅक्टर आणायला सांगितलं.

कॉफीवाल्याला जास्त माल पाहिजे, आपली बाग लहान, असं त्यांनी घरी येऊन रंभाबाईंना सांगितलं. त्या बिचाऱ्या फार हळहळल्या. निघताना त्यांनी मिरच्यांची पिशवी हातात दिली. तुमच्या कॉफीबरोबरच वाळवल्यात, म्हणाल्या. रुपरावांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

एसटी सुटल्यावर त्यांनी पिशवी उघडली. मिरच्यांत टरफलासकट काही कॉफीचे दाणे मिसळले होते. त्यांचं पेरायचं वय राहिलं नव्हतं, जागाही राहणार नव्हती. तरी डोळ्यांची आग सोसत ते एकेक दाणा वेचून सदऱ्याच्या खिशात टाकत राहिले.