टाकीतल्या एंजलचा उपास

खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवा एंजल मासा आणून आठ दिवस झाले होते, पण हा लाटसाहेब खाईल तर शपथ! निळ्या अंगावर पिवळे पट्टे, तोरा राजाचा, आणि दाणे टाकले की तोंडात घेऊन थू करून बाहेर. लाल दाणे झाले, हिरवे झाले, लसणाच्या पाण्यात भिजवलेलेही झाले. पाण्याचं मीठ मी दिवसातून तीनदा मोजत होतो. कंपनीतल्या रिॲक्टरकडेसुद्धा इतकं लक्ष देत नाही. एंजलचं पोट खपाटीला गेलं आणि माझं डोकं फिरलं.

शिफ्ट सुटल्यावर बोईसरच्या बाजारात चिंचणीच्या मंदाकडे रडगाणं गायलो. तिथं ती मासळी घेऊन बसते. ती हसलीच.

“डब्यातलं काय वळखतो तो? दर्यातला हाय ना! ही तिसरी घे, फोड, न् शिंपल्यासकट पाण्यात ठेव. टोचून टोचून खातो का नाय बघ.”

पिशवीभर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, घेतल्या आणि मग आठवलं, अरे देवा, श्रावण! आमची वर्षाराणी सोलापूरची. एरवीही घरात अंडं शिजू देत नाही, त्यात तो सोमवार. टाकीत शिंपलीचं मांस बघितलं तर मला टाकीसकट जिन्यावरून ढकलेल. पिशवी स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि वर जाऊन पुन्हा तेच दाणे टाकले. पठ्ठ्यानं पुन्हा थुंकले.

दोन दिवस धीरच होईना. शेवटी डिकीतून असा घाण वास सुटला, की खालचे लोक तक्रार घेऊन दारात आले. बिंग फुटलं, मंदाचा सल्लाही सांगून टाकावा लागला. मीही चिडलो, “तुझ्या श्रावणापायी मरतोय तो!”

वर्षाराणी चप्पल घालून तरातरा निघून गेली. तासाभरानं आली ती मंदाकडच्या ताज्या तिसऱ्या घेऊन. नाकाला ओढणी बांधून तिनं स्वतः शिंपली उघडली, टाकीत सोडली. एंजल लांबून दोन फेऱ्या मारून आला. एकदा टोचलं. मग तुटूनच पडला.

“खाल्लं गं!” मी ओरडलो.

ती साबणानं हात घासत होती. “व्रत माझं आहे, त्याचं नाही. मुक्या जिवाला मी उपाशी मारेन, असं वाटलं तुम्हाला? बारा वर्षं झाली लग्नाला. एकदा विचारायचं तरी!”

तिचे डोळे भरले होते. एंजल खात होता, आणि मला त्याच्याकडे बघवेना.